संवाद आणि सत्य : मोक्षोपायांतील गाधीचें आख्यान

एखादी जुनी पोथी किंवा कागद हातीं आला म्हणजे संशोधकाच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, यांत जें सांगितलें आहे त्याला दुसरीकडून दुजोरा मिळतो काय? तो मिळाला कीं आपण निश्चिंत होतों. दोन पोथ्यांत एकच पाठ आला, बखरींतील मजकुराशीं पत्रांतील मजकूर जुळला, शिलालेखांतील शक आणि वंशावळींतील पिढ्या यांचा मेळ बसला, कीं 'हें खरें' असा शेरा मारून आपण पुढें जातों. या जुळण्याला शास्त्रकार 'संवाद' म्हणतात. दोघांच्या बोलण्यांतला संवाद तो हा नव्हे; एका ज्ञानाचें दुसऱ्या ज्ञानाशीं पटणें, असा त्या शब्दाचा येथें अर्थ आहे. आपल्या साऱ्या व्यवसायाचा पाया हाच. या पायावरच घाव घालणारी एक कथा संस्कृत वाङ्मयांत हजार वर्षांपूर्वीं लिहिली गेली. आणि नवल असें कीं, ती ज्या ग्रंथांत आहे त्या ग्रंथाच्याच पोथ्यांनीं पुढें तोच अनुभव आपणांस आणून दिला. या दोन गोष्टी एकत्र मांडाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तो ग्रंथ म्हणजे योगवासिष्ठ. महारामायण, वासिष्ठरामायण, आर्षरामायण अशींही त्याचीं नांवें आहेत. सोळा वर्षांचाही न झालेला राम तीर्थयात्रेहून परत येऊन संसाराविषयीं उदास होऊन बसतो आणि दशरथाच्या सभेंत वसिष्ठ त्याला उपदेश करितात, अशी त्याची मांडणी. वैराग्य, मुमुक्षुव्यवहार, उत्पत्ति, स्थिति, उपशम आणि निर्वाण अशीं सहा प्रकरणें. श्लोकसंख्या परंपरेनें ३२,००० सांगतात, छापील प्रतींत ती कांहीं हजारांनीं कमी भरते. महाराष्ट्रांतील अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक झाला तो मुख्यतः मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या आवृत्तीनें. वासुदेवशास्त्री पणशीकर यांनीं आनंदबोधेंद्र सरस्वतींच्या 'तात्पर्यप्रकाश' टीकेसह ती सिद्ध केली. १९१८ आणि १९३७ या सालांच्या तिच्या प्रती जुन्या पाठशाळांच्या कपाटांत अद्यापि दिसतात. काश्मीरच्या अभिनंदानें केलेला संक्षेप 'लघुयोगवासिष्ठ' या नांवानें निराळा प्रसिद्ध आहे.

मोगल दरबारालाही या ग्रंथानें वेड लाविलें होतें. अकबराच्या कारकीर्दींत शहाजादा सलीम याच्यासाठीं निजाम पानिपती यानें लघुयोगवासिष्ठाचें फारसी भाषांतर केलें. अकबरासाठीं १६०२ सालीं सिद्ध झालेली एक सचित्र फारसी प्रत आज डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयांत आहे. पुढें १६५६ सालीं दारा शुकोह यानें नवें भाषांतर करविलें, आणि त्याच्या प्रस्तावनेंत कारण दिलें तें असें कीं, वसिष्ठ आणि रामचंद्र आपल्या स्वप्नांत आले व वसिष्ठांच्या सांगण्यावरून रामचंद्रांनीं आपणांस आलिंगन दिलें. स्वप्नांतल्या भेटीवरून भाषांतर झालें आणि भाषांतराची प्रत मात्र हातांत धरतां येते! या ग्रंथाला शोभणारीच ही हकीकत आहे.

आतां मूळ कथेकडे वळूं. गाधीचें आख्यान उपशम प्रकरणाच्या ४४ ते ४९ या सर्गांत आहे. कोसल देशांत गाधि नांवाचा एक ब्राह्मण होता. त्यानें तळ्याच्या पाण्यांत उभें राहून तप केलें. विष्णु प्रसन्न झाला, तेव्हां यानें मागितलें काय, तर 'तुझी माया मला पाहावयाची आहे'. ती तूं पाहशील आणि मग टाकशील, असा वर मिळाला. पुढें एके दिवशीं स्नानाच्या वेळीं पाण्यांत बुडी मारली असतां तो मंत्र विसरला आणि आपण आपल्या घरीं मरून पडलों आहों असें त्याला दिसूं लागलें. नातलग रडत आहेत, आईनें हनुवटी धरली आहे, बायको पायांशीं बसली आहे. प्रेत जळलें. मग हूणमंडळाच्या सीमेवरील एका गांवीं श्वपच स्त्रीच्या पोटीं तो जन्मला. कटंज असें त्याचें नांव. कुत्रीं घेऊन रानांत हिंडला, संसार केला, मुलें झालीं, म्हातारपण आलें; मग सारें कुटुंब एकामागून एक मृत्यूनें नेलें. शोकानें देशोधडीं लागलेला हा मनुष्य कीर देशाच्या राजधानींत पोंचला. तेथला राजा नुकताच वारला होता आणि नवा राजा निवडण्यासाठीं मंगल हत्ती सोडला होता. हत्तीनें यालाच उचलून पाठीवर घेतलें. गवल या नांवानें त्यानें आठ वर्षें राज्य केलें. एके दिवशीं अलंकार न घालतां तो सहज एकटा बाहेर आला. तेथें गात बसलेल्या चांडाळांपैकीं एका वृद्धानें त्याला ओळखून नांवानें हाक मारली. राजवाड्याच्या गवाक्षांतून स्त्रियांनीं तें पाहिलें. वार्ता शहरभर पसरली. ज्यांनीं आठ वर्षें त्याच्या हाताखालीं राहून त्याचें अन्न खाल्लें होतें त्या मंत्र्यांनीं व नागरिकांनीं प्रायश्चित्त म्हणून चिता रचल्या. आपल्यापायीं हा संहार झाला हें पाहून राजानेंही अग्नींत उडी टाकली. आणि अंग भाजल्याच्या त्या दाहानें दचकून गाधि तळ्याच्या पाण्यांत जागा झाला. स्नानही पुरें झालें नव्हतें.

(कीर देशच्या नगरवासीयांनीं केलेल्या या अग्निप्रवेशाचें वर्णन कवि ज्या थंडपणानें करितो तो मला फार बोलका वाटतो. आठ वर्षें राज्य नीट चाललें होतें. बिघडलें काय, तर एक हाक ऐकूं आली. जन्माच्या अभिमानावर इतकी कडवट टीका त्या काळच्या ग्रंथांत क्वचितच आढळेल. असो.)

येथवर कथेंत नवें कांहीं नाहीं. स्वप्न पडलें, जाग आली, स्वप्न खोटें ठरलें. शिंपल्यावर रुपें भासलें, जवळ गेल्यावर शिंपलाच निघाला. दोरीचा साप झाला, दिवा आणल्यावर दोरी झाली. भ्रमाचीं हीं उदाहरणें आपल्या दर्शनांत इतकीं घोटलेलीं आहेत कीं, त्यांच्या उपपत्तींचीच पांच नांवें झालीं: आत्मख्याति, असत्ख्याति, अख्याति, अन्यथाख्याति व अनिर्वचनीयख्याति. शिंपल्यावर दिसलेलें रुपें कोठून आलें, यासंबंधीं या पांचांचें हाडवैर आहे. पण तें रुपें नव्हे, हें सर्वांना मान्य आहे. वादाला आरंभ होण्यापूर्वींच निकाल लागलेला असतो, कारण दृष्टांत सांगणारा प्रथमच सांगून टाकतो कीं, समोर शिंपला होता.

गाधीच्या कथेचें वैशिष्ट्य पुढेंच आहे. कांहीं दिवसांनीं त्याच्या घरीं एक अतिथि आला. शरीर अगदीं वाळलेलें. जेवण झाल्यावर गाधीनें कारण विचारलें. अतिथि म्हणाला, उत्तरेस कीर नांवाचा देश आहे. तेथें एका चांडाळानें आठ वर्षें राज्य केलें. तें उघड झाल्यावर शेंकडों ब्राह्मण अग्नींत शिरले, आणि राजाही. हें ऐकून मी प्रयागास जाऊन चांद्रायण केलें, त्यामुळें हा असा झालों आहें. गाधि हादरला, पण घरीं बसून राहिला नाहीं. येथें हा ब्राह्मण आपल्या मंडळींतला वाटतो. तो निघाला आणि हूणमंडळांत गेला. गांव सांपडलें. आपण जेथें राहत होतों त्या घराचे अवशेष सांपडले. वापरलेल्या वस्तूंचे तुकडेही त्यानें ओळखले. 'येथें कटंज नांवाचा कोणी होता काय?' म्हणून गांवकऱ्यांना विचारलें, तेव्हां त्यांनीं त्याच्याच स्मरणांतली हकीकत त्याला सांगितली. तेथून तो कीर देशांत गेला. राजधानी तीच, आणि लोकांनीं सांगितलेली कथाही तीच. स्थळ पाहिलें, वस्तु पाहिल्या, दोन देशांतल्या साक्षी घेतल्या, सर्व एकमेकांशीं जुळलें. संशोधकानें याहून अधिक काय करावें?

आतां आपल्या शास्त्रांच्या कसोट्या या प्रसंगाला लावून पाहूं. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचें खरेपण त्या ज्ञानावरूनच कळत नाहीं, प्रवृत्ति सफल झाल्यावर कळतें. पाणी दिसलें, गेलों, तहान भागली, म्हणून तें पाणी. गाधीची प्रवृत्ति सफल झाली. तो झोंपडी शोधण्यास गेला आणि झोंपडी मिळाली. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण, मात्र त्याला बाधक असें दुसरें ज्ञान उत्पन्न होतां कामा नये. गाधीला जाग आली तें बाधक ज्ञान म्हणावें, तर त्या बाधकालाच पुढें हूणदेशच्या गांवानें बाध आणला. बौद्ध आचार्य धर्मकीर्ति म्हणतो, जें विसंवाद करीत नाहीं तें प्रमाण. येथें विसंवाद लेशमात्र नाहीं. तिन्ही कसोट्यांनीं गाधि आठ वर्षें कीर देशाचा राजा होता. आणि त्याच तिन्ही कसोट्यांनीं तो त्या वेळीं कोसलांतील एका तळ्यांत स्नान करीत होता, बुडी मारून वर येण्याइतकाच काळ लोटला होता. दोन परस्परविरुद्ध गोष्टी सारख्याच प्रमाणांनीं सिद्ध होतात. 'जग हें स्वप्न आहे' इतकेंच ही कथा सांगते असें पुष्कळांना वाटतें. माझ्या मतें तिचें म्हणणें अधिक अडचणीचें आहे: स्वप्न कोणतें व जागृति कोणती हें ठरविण्याचीं जीं साधनें आपण वापरतों, तीं जागृतींत जशीं जुळतात तशींच स्वप्नांतही जुळूं शकतात.

धर्मकीर्तीला ही अडचण दुसऱ्या बाजूनें दिसलेली होती. त्याचा एक दृष्टांत प्रसिद्ध आहे. दोघे जण दुरून चकाकी पाहतात आणि दोघेही 'रत्न' म्हणून धांवतात. एकानें पाहिलेली चकाकी रत्नाची प्रभा असते, दुसऱ्यानें पाहिलेली दिव्याची. प्रभेलाच रत्न समजणें ही दोघांचीही भूलच. पण एकाला रत्न मिळतें, दुसऱ्याला मिळत नाहीं. पंचदशीच्या ध्यानदीप प्रकरणांत विद्यारण्यांनीं हाच दृष्टांत घेऊन पहिल्याच्या भुलीला 'संवादी भ्रम' असें नांव दिलें आहे. भ्रम असूनही जुळणारा! हा शब्द प्रत्येक पोथीसंग्राहकानें आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, असें मला वाटतें. कित्येकदां आपण चुकीच्या कारणानें बरोबर पाठाशीं पोंचतों, आणि मग तें चुकीचें कारण सिद्धांत म्हणून मिरवूं लागतें.

गाधीनें विष्णूलाच पुनः गांठून हा प्रकार काय, म्हणून विचारलें. उत्तर मिळालें तें एक नव्हे. प्रथम सांगण्यांत आलें कीं, तो अतिथि, तें गांव, तो देश हें सर्व तुझ्याच चित्तांतलें. गाधीचें समाधान झालें नाहीं. तो पुनः जाऊन पाहून आला, लोकांनीं पुनः तेंच सांगितलें. मग सांगण्यांत आलें कीं, त्या लोकांनाही काकतालीय न्यायानें तोच भ्रम एकाच वेळीं झाला. आणि शेवटीं असें कीं, कटंज नांवाचा चांडाळ तेथें पूर्वीं खरोखरच होऊन गेला, त्याचें चरित्र तुझ्या चित्तांत प्रतिबिंबित झालें. या तीन उत्तरांचा एकमेकांशीं मेळ नाहीं. टीकाकार तो बसविण्याची खटपट करितात. मूळ कवीला त्याची फारशी फिकीर दिसत नाहीं.

उत्पत्ति प्रकरणांत लवण राजाची कथा आहे, ती याच जातीची. दरबारांत एक ऐंद्रजालिक येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवितो, एक घोडा पुढें आणला जातो आणि त्याच्याकडे पाहतां पाहतां राजा दोन मुहूर्त निश्चेष्ट बसतो. तेवढ्या वेळांत तो अरण्यांत वाट चुकतो, भुकेनें व्याकूळ होऊन चांडाळकन्येच्या हातचें अन्न खातो, तिच्याशीं लग्न करितो, म्हातारा होतो, दुष्काळांत सांपडतो; भुकेलेल्या लहान मुलाला मांस मिळावें म्हणून आपणच अग्नींत शिरतो आणि सिंहासनावर जागा होतो. दुसऱ्या दिवशीं शोध घेण्यास विंध्याद्रीकडे जातो, तर त्या वस्तींत एक म्हातारी दुष्काळांत गेलेल्या लेकीसाठीं, नातवंडांसाठीं आणि राजा असलेल्या जावयासाठीं रडत असते. ऐकणारा तोच. गाधीच्या कथेंत साक्षीदार निर्विकार आहेत. येथें साक्ष देणारी शोकानें देते, म्हणून ती अधिक बोंचते. दुसऱ्याचें दुःख आपल्या स्वप्नाची साक्ष देतें, तेव्हां तें दुःखही स्वप्नांतलें म्हणावयाचें काय? राम हाच प्रश्न विचारतो, आणि वसिष्ठांचें उत्तर येथेंही दुहेरी आहे: लवणाच्या मनांतलें त्या वस्तीच्या मनांत उमटलें, किंवा वस्तीचें लवणाच्या मनांत.

येथें कोणी म्हणेल, ही तर कल्पित कथा. कल्पित गोष्टीवरून प्रमाणांचा विचार कसा करावा? या आक्षेपाचें उत्तर काश्मिरांतच तयार होतें. रंगभूमीवर नट राम होऊन येतो तेव्हां प्रेक्षकाला जें ज्ञान होतें तें कोणत्या जातीचें, हा प्रश्न नाट्यशास्त्राच्या टीकाकारांनीं चर्चिला. श्रीशंकुकाचें मत अभिनवगुप्तानें अभिनवभारतींत नोंदविलें आहे. भिंतीवरचा चितारलेला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतों. तें ज्ञान खरें नव्हे, खोटें नव्हे, संशय नव्हे, आणि 'घोड्यासारखें कांहीं' असें सादृश्याचेंही नव्हे. नटाच्या ठिकाणीं होणारें रामाचें ज्ञान या चारांहून वेगळें, चित्रतुरगासारखें. कथा वाचणाऱ्याचेंही तेंच. गाधि कधीं झाला कीं नाहीं, हा प्रश्न आपण विचारीतच नाहीं. पण कथा वाचून झाल्यावर मागें राहिलेला संशय मात्र चित्रांतला नसतो. शिंपल्याचा दृष्टांत आपणांस किनाऱ्यावर उभें करून दुसऱ्याची भूल दाखवितो. गाधीची कथा आपल्यालाच त्याच्या जागीं नेऊन ठेवते आणि परत आणून सोडीत नाहीं. शास्त्राला जें करितां आलें नाहीं तें कथेनें केलें तें एवढेंच, पण तें थोडें नव्हे.

आतां या ग्रंथाच्या पोथ्यांविषयीं. योगवासिष्ठाच्या काळासंबंधीं गेल्या शतकांत मोठा वाद झाला. काशीचे प्रो. भी. ला. आत्रेय यांनीं तो शंकराचार्यांपूर्वीं, सहाव्या शतकांत ठेविला, डॉ. वे. राघवन् यांनीं १९३९ सालीं तो अकराव्या ते तेराव्या शतकांत खालीं ओढला, आपल्याकडील डॉ. त्र्यं. गो. माईणकर यांनींही त्याची स्वतंत्र चिकित्सा केली. वाद घालणाऱ्या बहुतेकांच्या समोर जो ग्रंथ होता तो निर्णयसागराचा. नागरी पोथ्या, टीका आणि छापील प्रत यांचा ढोबळ मानानें मेळ होता, म्हणून हाच मूळ ग्रंथ असें सर्वांनीं धरिलें. संवाद होता ना!

१९९४ सालीं वॉल्टर स्लाजे या संस्कृतज्ञांनीं व्हिएन्ना येथें जर्मन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध करून हा मेळच संशयास्पद ठरविला. काश्मीरच्या शारदा लिपींतल्या पोथ्या आणि भास्करकंठाच्या टीकेचे उरलेले भाग तपासून त्यांनीं दाखविलें कीं, काश्मिरांत हाच ग्रंथ 'मोक्षोपाय' या नांवानें निराळ्या स्वरूपांत टिकून होता. आपल्या छापील प्रतीच्या आरंभीं अगस्ति व सुतीक्ष्ण यांची जी गोष्ट येते, पक्ष्याला जसे दोन पंख तसें ज्ञान व कर्म दोन्ही हवें असें जींत सांगितलें आहे, ती काश्मिरी ग्रंथांत नाहींच. ठिकठिकाणचे शब्दही वेदांताच्या परिभाषेला सोयीस्कर होतील असे पुढें पालटलेले आढळले. मूळ ग्रंथ दहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास काश्मिरांत रचला गेला, असा त्यांचा निष्कर्ष. जर्मनींतील हाले येथील विद्यापीठांत या मोक्षोपायाच्या संशोधित आवृत्तीचें काम चाललें आणि माइन्त्स येथील अकादमीच्या विद्यमानें २०११ पासून तिचे खंड निघाले.

यांतली खरी गंमत अशी कीं, काळ ठरविण्याचा एक महत्त्वाचा पुरावा छापील प्रतींतही सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. स्थिति प्रकरणांत काश्मीरचा राजा यशस्करदेव याचा नांवानिशीं उल्लेख आहे. मात्र तो भविष्यकाळीं, 'पुढें असा राजा होईल' या भाषेंत. वसिष्ठ रामाला सांगत आहेत असें धरिलें कीं तें भविष्य होतें. राजतरंगिणीवरून पाहिलें कीं ब्राह्मणांच्या सभेनें निवडलेला, ९३९ ते ९४८ पर्यंत राज्य केलेला हा एक खराखुरा राजा निघतो, आणि भविष्य सांगणारा त्याच्या वेळचा किंवा त्यानंतर लौकरचा ठरतो. अक्षरें तींच, वाचणाऱ्यानें कोणती चौकट आधीं धरिली आहे त्यावर ती ओळ ऋषिवाक्य होते किंवा कालनिर्णयाचें साधन होते. मुमुक्षुव्यवहार प्रकरणांत तर ग्रंथकारानेंच सांगून ठेविलें आहे कीं, युक्तीला धरून असेल तें शास्त्र मनुष्यानें केलेलें असलें तरी घ्यावें, आणि नसेल तें ऋषीचें असलें तरी सोडावें. असें सांगणाऱ्याचाच ग्रंथ पुढें 'आर्षरामायण' म्हणून पूजिला जावा, याला काय म्हणावें?

मग संवाद ही कसोटीच टाकून द्यावयाची काय? मला तसें वाटत नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुऱ्या झालेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीनें याचा मार्ग दाखवून ठेविला आहे. १९३३ सालीं पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं पोथ्या मोजल्या नाहींत, त्यांचीं कुळें लाविलीं. एकाच आईच्या शंभर लेकी एकच गोष्ट सांगतात, त्यांत साक्ष एकच. परंतु काश्मीरची शारदा पोथी आणि मलबारची पोथी यांची मध्यंतरीं भेट झालेली नसून जेव्हां त्या एक पाठ देतात, तेव्हां त्या जुळण्याला वजन येतें. राजवाड्यांनीं बखरीपेक्षां अस्सल पत्राला मान दिला त्याच्याही मुळाशीं हाच विचार आहे: बखर दुसऱ्या बखरीची लेक असूं शकते, पुण्याहून सुटलेलें पत्र आणि दिल्लीहून सुटलेलें पत्र बहुधा एकमेकांचीं नातलग नसतात. गाधीच्या साक्षीदारांतला दोष नेमका येथें सांपडतो. हूणदेशचे लोक, कीर देशचे लोक आणि तो अतिथि हे सर्व एकाच चित्ताच्या पोथीवरून उतरलेले असतील, तर त्यांची एकवाक्यता निरर्थक आहे. वसिष्ठ यावर विचारतील कीं, चित्ताच्या बाहेरची एक तरी पोथी दाखवा. तें उत्तर मजपाशीं नाहीं. पण कागदाच्या पोथ्यांपुरतें बोलावयाचें, तर काश्मीरची प्रत बाहेरची निघाली, आणि ती निघाली म्हणूनच आपली भूल कळली.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला कोठून आला, हेंही सांगितलें पाहिजे. १९८४ सालीं मी नुकताच शिक्षक झालों होतों. कृष्णाकांठच्या एका गांवीं एका पुराणिकांच्या घरीं लघुयोगवासिष्ठाची शेवटचीं पानें गळालेली पोथी होती. त्यांनीं ती विश्वासानें माझ्या हवालीं केली. मीं छापील पुस्तक शेजारीं ठेवून ती पानोपान तपासली. पुस्तकाशीं जेथें जुळली नाहीं तेथें, काष्ठौषधीच्या दुकानांतून आणलेली हरताळ खलून पोथींतल्या अक्षरांवर फांसली आणि वर काळ्या शाईनें छापील पाठ चांगल्या वळणदार अक्षरांत लिहिला. अशीं चाळीसाहून अधिक स्थळें होतीं. पुराणिकबुवांना फार आनंद झाला. पोथी शुद्ध झाली, असें ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवूं लागले. मलाही तेव्हां अभिमान वाटला. मीं संवाद शोधला नव्हता, तो तयार केला होता.

काश्मिरी पोथ्यांसंबंधीं वाचल्यावर, २०१६ सालीं, मी पुनः त्या गांवीं गेलों. बुवा केव्हांच निवर्तले होते. नातवानें रुमाल सोडून पोथी पुढें ठेविली. गाधीच्या आख्यानाच्या शेवटच्या उत्तरांत, जेथें कटंज खरोखर होता कीं नव्हता याचा उलगडा आहे, तेथें माझ्या हरताळेचा पिवळा पट्टा होता. पान उन्हांत धरून मागच्या बाजूनें पाहिलें. एक काना आणि एका जोडाक्षराचा खालचा भाग एवढेंच दिसतें. बहुतेक तो लेखकाचा हस्तदोषच असेल. पण तो हस्तदोष होता, कीं कोठल्या निराळ्या परंपरेचा पाठ होता, हें सांगणारी ती एकच साक्ष होती आणि ती मीं बुजविली आहे. नातवाला मीं हें सर्व समजावून सांगितलें. तो म्हणाला, "सर, तुमचें अक्षर फार सुंदर आहे."

वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं योगवासिष्ठाची अथवा लघुयोगवासिष्ठाची हस्तलिखित पोथी असेल, त्यांस विनंति कीं, गाध्याख्यानाच्या शेवटच्या सर्गाचे पाठ छापील पुस्तक जवळ न ठेवतां, अक्षरास अक्षर, चुका आहेत तशाच ठेवून उतरून घ्यावे आणि संपादकांच्या मार्फत मजकडे पाठवावे. सोबत लिपि, लेखनशक, लेखकाचें नांव व गांव, समासांतील टीपा आणि हरताळ कोठें कोठें आहे, हें नोंदवावें; हरताळेखालचें मागच्या बाजूनें जेवढें दिसेल तेवढेंही. पाठ पुस्तकाशीं जुळत असल्यास तेंही कळवावें, मात्र पोथी कोणत्या पोथीवरून उतरली याचा कांहीं पत्ता लागत असेल तर तो आधीं लिहावा.